चरणोईच्या माळावर झाडं लावली तर पक्षी वाचतील का?

राजेंद्रनगरकर:
यंदा पावसाळ्यात आमचं मंडळ पक्ष्यांसाठी ५०० रोपं लावणार आहे. इंदूरच्या धार रोडच्या पुढे एका गावच्या सरपंचांनी चरणोईची, म्हणजे गावच्या गुरांच्या चराईची, जागा दाखवलीय. मुरमाड माळ, गुडघाभर गवत, एकही मोठं झाड नाही. वड, पिंपळ, कडुनिंब यांतलं काय जगेल? शिवाय वर्गणी मागायला गेलं की लोक विचारतात, "एखादा पक्षी संपला तर आपलं काय अडतं?" ‘निसर्गाचा समतोल’ सोडून याला काही ठोस उत्तर आहे का?

माळकरी:
रोपं जगतीलही, पण तिथे लावू नका. झाड नाही म्हणूनच ती जागा मोलाची आहे. तणमोर, म्हणजे आपल्याकडचा खरमोर, हा माळढोकाच्या कुळातला पक्षी पावसाळ्यात अशाच माळावर वीण करतो. रतलामजवळचं सैलाना आणि धार जिल्ह्यातलं सरदारपूर ही अभयारण्यं १९८३ साली त्याच्यासाठीच झाली. तरीही २०२१ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’मध्ये झाली.

नर जेमतेम अर्ध्या किलोचा. मादीला आणि शेजारच्या नरांना दिसावं म्हणून गवतातून दीड-दोन मीटर सरळ वर उडी घेतो, दिवसभरात शेकडो वेळा. मादी जमिनीवरच तीन-चार अंडी घालते आणि सुमारे २१ दिवस उबवते. म्हणजे एकाच माळावर नराला मोकळं हवं आणि मादीला आडोसा. गवत फार माजलं तर नर दिसेनासा होतो, गुरांनी खरवडून खाल्लं तर अंडी उघड्यावर. त्यात झाडं उभी केलीत की कावळ्यांना अंडी-पिल्लं हेरायला आयती बैठक. बाकीचा माळ सोयाबीनखाली गेलाच आहे, आणि पेरणी-फवारणीचा हंगाम नेमका त्याच्या विणीचा.

करायचंच असेल तर: जुलै ते सप्टेंबर चराई बंद, भटकी कुत्री बाहेर. कापणी मध्य ऑक्टोबरनंतर आणि तीही एकदम नाही, एक तृतीयांश पट्टा उभा राहू द्या. विलायती बाभूळ आणि सुबाभूळ मुळासकट काढा, नुसती तोडलीत तर दुप्पट फुटतात. नांगर अजिबात घालू नका. मारवेल, पवना यांचे बारमाही ठोंब एकदा उलटले की त्या जागी गाजरगवत माजतं. चराई कायमची मात्र बंद करू नका, हिवाळ्यापासून गुरं येऊ द्या. सरदारपूरला गावांच्या खासगी जमिनींच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. गावाला चारा मिळत राहिला तरच माळ टिकतो.

ढोरडॉक्टर:
वर्गणीदारांना गिधाडांचा हिशेब सांगा, त्यात रुपये-आणे-पै आहे.

पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९.९ टक्के घटली. कारण डायक्लोफेनॅक. हे दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं जनावर एक-दोन दिवसांत मेलं की औषध मांसात राहतं. ते खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, आतल्या अवयवांवर यूरिक अॅसिडचा पांढरा थर चढतो. एका मढ्यावर पन्नास-शंभर गिधाडं उतरतात, त्यामुळे शंभरातलं एखादं मढं विषारी असलं तरी पुरे. त्यातून हा पक्षी साधारण पाचव्या वर्षी विणीला येतो आणि वर्षाला एकच अंडं घालतो, मग तूट भरून निघणार कशी? इंदूरजवळच्या देवगुराडियाकडचं पांढरं गिधाड वेगळ्या जातीचं, पण तेही संकटग्रस्त आहे.

मढी पडून राहिली, कुत्री वाढली, रेबीज वाढला, पाणी नासलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली. "आपलं काय अडतं" याला एवढं पुरेसं आहे.

गावातल्या गौशाळेत हे बघा: जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, पण माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात. म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलीच्या एकमात्रा कुपीपुरत्या मर्यादित झाल्या. २०२३ मध्ये जनावरांसाठी कीटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही बंद. त्यांच्याऐवजी कपाटात गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक अॅसिड असावं, डोस डॉक्टर ठरवतील. उपचार चालू असताना जनावर दगावलं आणि कुठलं औषध दिलं याची खात्री नसेल, तर मढं उघड्यावर टाकू नका, खोल पुरा.

राजेंद्रनगरकर:
बरं झालं, खड्डे खणायच्या आधी विचारलं. मग रोपांचं काय? ऑर्डर दिलीय.

माळकरी:
कॉलनीत, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला लावा. कडुनिंब-पिंपळ तिथे शोभतात, बुलबुल-तांबट खूश. माळासाठी वर्गणीतून झाडांऐवजी चाऱ्याच्या कापणीची मजुरी द्या. आणि आधी पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढा. नोंद चरणोईची आहे की नुसती ‘पडीत’, ते बघा. चरणोई असली तरी कलेक्टरला वापर बदलता येतो, म्हणून तिथे पक्षी दिसला तर तारीख, जागा आणि फोटो लगेच वनविभागाला लेखी कळवा. नेमकं घरटं कुठे आहे ते मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेरेवाल्यांची रांग लागते आणि मादी अंडी सोडून जाते.