लाल किल्ल्यात तुमचे पाय कुठे अडकले?

दिल्लीला जाऊन आलेल्या बहुतेकांकडे लाहोरी दरवाजासमोरचा फोटो असतोच. आत गेल्यावर कुठे रेंगाळलात, ते लिहा. फलकावरचं नको, स्वतः पाहिलेलं. सुरुवात मी करते.

मी दिवाण-ए-खासमध्ये मान वर करून उभी राहिले. खांबांवरची पच्चीकारी, म्हणजे दगडात रंगीत दगड जडवलेली नक्षी, सगळेच बघतात, मला छत बघायचं होतं. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, फौजेचा खर्च भागेना, तेव्हा इथल्या छताची चांदी उतरवून नाणी पाडली. आता वर आहे ते नंतरचं, लाकडी. नादिरशहानं १७३९ मध्ये मयूरासन नेलं, हे आमचा गाइड तावातावानं सांगत होता. चांदीपाशी आल्यावर मात्र आवाज एकदम खाली. आमचं मराठी त्यानं ऐकलं असणार!

* * *

ताई, गाइडनं आवाज खाली आणायचं काही कारण नव्हतं. अब्दाली समोर, उत्तरेत रसद देणारं कोणी नाही, लढणाऱ्यांचे पगार थकलेले; भाऊंनी काय करायचं होतं?

मला त्या वाड्यात आठवत राहिले महादजी शिंदे. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरनं ह्याच किल्ल्यात शाहआलम बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेनं दिल्ली सोडवली, आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं आणि कादिरला पकडून ठार केलं. १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेईपर्यंत ह्या तख्ताला आधार शिंद्यांचाच होता. हे सांगणारा फलक मी बराच वेळ शोधला, मला तरी दिसला नाही. कोणाला दिसला असेल तर जागा सांगा, पुढच्या वेळी तिथेच जाईन.

* * *

सह्याद्रीत गड चढणाऱ्यांनी अपेक्षा घरी ठेवून जावं. चोरवाटा, टाकी, माची असलं काही नाही; हा तटबंदीतला राजवाडा. नहर-ए-बिहिश्त, म्हणजे महालांमधून खेळवलेला पाण्याचा पाट, आता कोरडा. यमुना तटाला लागून वाहायची, तीही दूर गेली. तिच्या जागी गाड्यांचा रस्ता.

* * *

दिवाण-ए-आममध्ये सिंहासनामागची भिंत नीट बघा. काळ्या दगडात रंगीत पक्षी, फळं, फुलं, आणि वर वाद्य वाजवणारा चक्क ग्रीक ऑर्फियस! शाहजहानच्या दरबारात तो कसा काय, ह्यावर आमच्यात घरी येईपर्यंत वाद चालला. १८५७ नंतर ह्यातले काही तुकडे लंडनला गेले होते, लॉर्ड कर्झननं परत आणवले. लांबूनच बघावं लागतं, त्यामुळे छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या.

* * *

बाबांना घेऊन गेले होते. महालांत त्यांना रस नव्हता, ते थेट इंग्रजांच्या बराकींकडे निघाले. १८५७ नंतर मुघलांच्या बऱ्याच इमारती पाडून उभ्या केलेल्या त्या बोजड लांबलचक इमारती, बघायला अजिबात सुंदर नाहीत. पण नोव्हेंबर १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या सहगल, धिल्लन आणि शाहनवाज खान ह्यांच्यावरचा खटला ह्या किल्ल्यातच सुरू झाला. नेताजींचं संग्रहालयही एका बराकीत आहे, बाबांना तिथून बाहेर काढणं अवघड झालं. मग त्यांनीच सांगितलं, १८५८ मध्ये बहादूरशहा जफरवरचा खटला दिवाण-ए-खासमध्ये चालला, आपल्याच बसायच्या जागी आरोपी म्हणून. तेवढ्यासाठी ते महालाकडे वळले.

वयस्कर माणसं सोबत असतील तर सकाळी लवकर जा, आत चालणं भरपूर आहे. सोमवारी किल्ला बंद असतो.

* * *

वा, बाबांना नमस्कार सांगा. शेजारच्या सलीमगडावर कोणी गेलंय का? तिथे आझाद हिंद सेनेचे कैदी ठेवले होते. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं.