लहान मुलांसाठी कंबरेचा हार्नेस नको

लहान पोरांना कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कात रॉक क्लाइंबिंगला न्यायचं तर काय लागेल, अशी इथं चर्चा चाललीय. "पन्हाळ्याच्या आसपास पोराचा सराव झालाय, जोशुआ ट्रीला वेगळं काय लागणार," असं त्यात एकानं म्हटलंय, ते मला पटत नाही. आपला काळा बेसॉल्ट वेगळा, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला तो खडक वेगळा. ग्रॅनाइटच्या जातीचा, भरड दाण्याचा. बुटाला पकड झकास देतो, पण हाताची कातडी सोलून काढतो. भावाकडे गेलो होतो तेव्हा आमच्या सहा वर्षांच्या लेकीच्या बोटांची टोकं तासाभरात लालभडक झाली. रात्री तिला गरम भात कालवता येईना, आईनं भरवला. कोल्हापूरहून निघतानाच बोटांना गुंडाळायच्या टेपची दोन बंडलं बॅगेत टाकायला हवी होती, हे मला अजून लागतं.

हार्नेसबद्दल, म्हणजे दोर अडकवायला अंगावर बांधतात त्या पट्ट्यांबद्दल, मात्र इथं कुणीच लिहिलेलं नाही. एवढ्या लहान मुलांची कंबर भरलेली नसते. उलटं झालं तर कंबरेच्या हार्नेसमधून पोर निसटू शकतं. खांद्यांवरून येणारा, पूर्ण अंगाचाच घ्या. आणि पाणी बाहेरूनच भरून न्या, पार्कच्या आत बहुतेक ठिकाणी ते मिळतच नाही.