मदत हवी आहे: नाचामुळे शहर बदलल्याची उदाहरणं

नमस्कार मंडळी, मोठी शहरं आणि नाच यावर एक लेख लिहितेय आणि मधेच गाडी अडली आहे. शहर नाचात कसं उतरतं, हे दाखवणं सोपं. ब्युनोस आयर्समध्ये टँगोच्या मैफलीत जोडपी भर गर्दीत घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, कोणाला धक्का लागू न देता. नाचायचं का, हे नजरेनेच विचारायचं, नकारही नजरेनेच. अनोळखी माणसांच्या शहराची अदबच ती! न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास डीजे कूल हर्कने गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लांबवला आणि त्यावर ब्रेकिंग, म्हणजे आपण ज्याला ब्रेकडान्स म्हणतो ते, उभं राहिलं. २०२४ मध्ये ते पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोचलं. (तिथली गुण द्यायची पद्धत मला अजून पटलेली नाही, असो.)

पण उलट बाजूचं काय? नाचाने शहर बदललं, असं ठोस काय दाखवता येईल? हाताशी एकच धागा आहे: परवान्याशिवाय नाचू देणाऱ्या जागांवर बडगा उगारणारा न्यूयॉर्कचा १९२६ चा कॅबरे कायदा अखेर २०१७ मध्ये रद्द झाला. चौक, मैदानं, वस्त्यांमधली ऊठबस नाचामुळे बदलल्याचं कोणाला माहीत आहे का? नुसती महोत्सवांची नावं नकोत, ती ढिगाने मिळालीत.