मदत हवी आहे: बीजगणितात आधी काय पक्कं करून घेऊ?
भाची नववीत आहे. २क्ष + ३ = ११ पटकन सोडवते, पण का विचारलं की उत्तर एकच: '३ पलीकडे नेला की उणे होतो.' दोन्ही बाजूंतून ३ वजा केले, हे डोक्यातच नाही. परवा तर (अ + ब)² = अ² + ब² लिहून मोकळी! अ = २, ब = ३ घालून बघ म्हटलं, तर २५ आणि १३ पाहून स्वतःच चक्रावली.

आता सुरुवात कुठून करू? ऋण संख्या-अपूर्णांकांपासून, की शाब्दिक उदाहरणांवरून समीकरण मांडण्यापासून? अवयव पाडणं थोडं मागे ठेवलं तर चालेल का? (मला स्वतःला आलेख आधी घ्यावासा वाटतो.) शिकवण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया आपला क्रम सांगा.