‘लैंगिक संप्रेरके’ खटकतं, आणि पेरिमेनोपॉजला काय म्हणावं?

प्रश्न:
स्त्रियांच्या मेंदूवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘सेक्स हार्मोन्स’साठी ‘लैंगिक संप्रेरके’ रूढ आहे, पण लेखाचा विषय स्मरण, झोप आणि मनःस्थिती. ‘लैंगिक’ वाचलं की लक्ष भलतीकडे जातं. काय करावं? आणि पेरिमेनोपॉजला, म्हणजे पाळी कायमची थांबण्याआधीच्या काही वर्षांना, शब्द सुचवा.

प्रतिसाद:
‘संप्रेरक’ला हात लावू नका, फार नेमका शब्द आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली ‘हार्मोन’ हा शब्द वापरला तो ‘चाळवणे, उद्युक्त करणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपल्याकडे सम् + प्र + ईर् (हलवणे). ‘प्रेरणा’ आणि ‘समीर’ यांतही हाच धातू आहे. उलट ‘ईस्ट्रोजेन’ या अंडाशयातल्या मुख्य संप्रेरकाच्या नावाचं मूळ पाहा: ‘ओइस्ट्रोस’ म्हणजे गुरांना चावून उधळायला लावणारी माशी!

खोट आहे ती विशेषणात. ‘अंडाशयाची संप्रेरके’ म्हणावं, तर मेंदूतल्या काही पेशी टेस्टोस्टेरॉनपासून स्वतःच ईस्ट्रोजेन बनवतात. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅक्इवेन यांच्या प्रयोगशाळेतून १९९० साली आलेलं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. उंदराच्या माद्यांचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं. तेवढ्यात हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागातल्या, चेतापेशींच्या फांद्यांवरचे सूक्ष्म काटे वाढतात आणि पुन्हा कमी होतात. एका पेशीचा संदेश दुसरी पेशी घेते तो या काट्यांवर. अशा कामाला ‘लैंगिक’ कसं म्हणायचं? मी तर पहिल्यांदा ‘ईस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके’ असं नावानिशी लिहीन आणि पुढे नुसतं ‘ही संप्रेरके’.

दुसरा प्रतिसाद:
बोलीतले शब्दही लेखात येऊ द्या. पहिली पाळी आली की ‘मुलगी शहाणी झाली’ म्हणतात. वयात येण्याची सुरुवात खरोखर डोक्यातच होते: हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या तळाचा छोटा भाग ठोक्याठोक्याने संदेश सोडू लागतो, मग अंडाशय जागं होतं. मात्र ‘झाली’ हे पूर्ण क्रियापद फसवं आहे. कपाळामागचा, विचार करून निर्णय घेणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. बारा वर्षांच्या मुलीवर मोठेपण लादताना हा शब्द हत्यारासारखा वापरला जातो, याचा मला राग येतो.

आणि ‘डोहाळे’! मूळ ‘दोहद’; जुन्या वैद्यकात गर्भिणीला ‘दौहृदिनी’, दोन हृदयांची, म्हटलं आहे. गरोदरपणात मेंदूही बदलतो: २०१६ साली पहिलटकरणींच्या मेंदूच्या प्रतिमा गरोदरपणाआधी आणि नंतर घेऊन तुलना झाली. काही भागांतलं करडं द्रव्य (चेतापेशींनी दाट असलेला मेंदूचा भाग) कमी झालं होतं आणि तो बदल किमान दोन वर्षं टिकला. इथे ‘मेंदू आकसला’ असं कृपा करून लिहू नका. बदल बाळाशी असलेल्या ओढीशी निगडित आढळले. संशोधक त्याला आईपणाशी जुळवणी मानतात. ‘मेंदू नव्याने बेतला जातो’ हे चालेल.

प्रश्नकर्ती:
‘बेतला जातो’ घेतलं. पेरिमेनोपॉजसाठी ‘ऋतुसंधी’ कसा वाटतो?

पहिला प्रतिसादकर्ता:
गोड आहे, पण आयुर्वेदात तो आधीच अडकलेला: सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा. ‘ऋतुनिवृत्ती’ (मेनोपॉज) मात्र पाळी थांबून सलग बारा महिने झाल्यावरच म्हणावं. त्याआधीची कित्येक वर्षं त्यात बसत नाहीत. आणि त्रास त्याच वर्षांत जास्त: ईस्ट्रोजेन सरळ उतरत नाही, हेलकावे खातं. तापमान सांभाळणारा हायपोथॅलॅमस बिथरतो आणि अंगातून वाफा निघतात. झोप मोडते, नेमका शब्द जिभेवर येऊन अडतो. त्याला इंग्रजी ‘ब्रेन फॉग’वरून ‘मेंदूवरचं धुकं’ नको, बायका ‘सुचेनासं झालंय’ म्हणतात, तेच लिहा.

प्रश्नकर्ती:
मग ‘पाळी जाण्याचा काळ’ ठेवते. लांब आहे, पण सांगावं लागत नाही.