गेमिंग आणि रोजचं काम, दोन्हीला एकच मॉनिटर: तुमचे अनुभव सांगा

जुना मॉनिटर बदलायची वेळ आलीये. दिवसभर शीट्स, मेल आणि ब्राउझर, रात्री जमलं तर गेम, असा माझा वापर. स्पेसिफिकेशनचे तक्ते वाचून डोकं भंजाळलंय, आयपीएस म्हणे, व्हीए म्हणे (हे स्क्रीनच्या पॅनेलचे प्रकार), पिक्सेलला रंग बदलायला एक मिलिसेकंद म्हणे. "अमुक घे" असं नका सांगू, तुम्ही काय घेतलंत आणि रोज वापरताना काय आवडतं, काय खटकतं तेवढं लिहा. ब्रँडवरून भांडणं नकोत प्लीज.

२७ इंच, १४४०पी
माझ्याकडे आयपीएस आहे, १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा. १४४०पी म्हणजे वरून खाली १४४० पिक्सेल. आधी २४ इंची १०८०पी होता. खरं सांगू का, गेमपेक्षा कामातच जास्त फरक पडला, दोन विंडो शेजारी लावल्या तरी कॉलम कापले जात नाहीत. पण २७ इंचात १०८०पी अजिबात घेऊ नका. इंचाला ८२च्या आसपास पिक्सेल पडतात, २४ इंचात तेच ९२ असतात आणि २७ इंची १४४०पीला १०९. इंग्रजी एक वेळ चालून जातं हो, पण मित्राच्या तसल्या स्क्रीनवर 'ष्ट' आहे की 'ष्ठ' ते बघायला पुढे वाकावं लागायचं.
खटकतं ते एकच, अंधाऱ्या सीनमध्ये कोपऱ्यांत पांढुरका उजेड येतो, आयपीएस ग्लो म्हणतात तो. मागे सरकून बसलं की कमी होतो, जात नाही.

व्हीए घेतलाय, खूश आहे
त्या ग्लोला कंटाळूनच मी व्हीएकडे आलो. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१ किंवा जास्त, त्यामुळे लाइट बंद करून हॉरर गेम लावला की काळं ते काळंच दिसतं. फक्त एका गडद रंगातून दुसऱ्या गडद रंगात जायला पिक्सेल वेळ लावतात, म्हणजे गुहेत कॅमेरा झर्रकन फिरवला की खांबामागे काळा फराटा ओढला जातो, डार्क मोडमध्ये भराभर स्क्रोल केलं तरी दिसतो. मेन्यूत ओव्हरड्राइव्ह म्हणून पिक्सेलचा वेग वाढवणारी सेटिंग असते, ती मधल्या पायरीवर ठेवा, अगदी शेवटी नेली की फराटा जाऊन उलटी फिकट सावली येते. आणि बॉक्सवरचा तो १ मिलिसेकंद बऱ्याचदा त्या शेवटच्या पायरीवरचाच असतो, तेव्हा फार मनावर घेऊ नका.

हर्ट्झचं काय
६० वरून १४४ला गेल्यावर माउसचा बाण हलवला तरी कळतं. १४४ वरून २४०ला गेल्यावर मला फरक शोधावा लागला. गणितच तसं आहे, ६०ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ला ६.९ आणि २४०ला ४.२. सिरियसली शूटर खेळणाऱ्यांनी जरूर घ्यावा, बाकीच्यांनी तेच पैसे चांगल्या पॅनेलवर घालावेत.
आणि हो, जोडल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. पुष्कळदा तो ६० वरच असतो आणि लोक १४४ समजून खेळत बसतात.

ओलेड: गेमला एक नंबर, कामाला…
दिवसभर कोड लिहिते, रात्री गेम. गेममध्ये तोड नाही, ग्लो नाही, फराटा नाही, प्रत्येक पिक्सेल आपापला बंद होतो. पण बऱ्याच ओलेड पॅनेलांत लाल, हिरवा, निळा हे ठिपके नेहमीच्या क्रमाने एका ओळीत नसतात आणि विंडोजचं क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरं गुळगुळीत दाखवायची सोय, ते तसे आहेत असं धरून चालतं, म्हणून पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षरांना रंगीत किनार दिसते. मला सवय झाली, नवऱ्याला नाही झाली, तो पाच मिनिटांत उठतो. शिवाय बर्न-इनची धास्ती, म्हणजे एकच चित्र फार वेळ राहिलं की त्याचा कायमचा ठसा उमटतो. टास्कबार लपवलाय, वॉलपेपर काळा, जागेवरून उठलं की स्क्रीन बंद. एवढी बडदास्त ठेवायची तयारी असेल तर घ्या!

४के घेण्याआधी ग्राफिक्स कार्ड बघा
१०८०पी म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल, १४४०पी ३७ लाख आणि ४के ८३ लाख. वाचायला ४केसारखं सुख नाही, पण गेममध्ये माझं मधल्या फळीतलं कार्ड धापा टाकतं, मग डीएलएसएस लावायचं, म्हणजे गेम कमी पिक्सेलवर चालवून चित्र मोठं करायची एनव्हिडियाची सोय. संथ गेम खेळतो म्हणून निभावतं. केबल आणि पोर्टही बघा, एचडीएमआय २.० वर ४के ६० हर्ट्झच मिळतं, १२०ला २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ लागतं. प्लेस्टेशन ५ला १४४०पी आधी चालायचंच नाही, २०२२च्या अपडेटपासून चालतं.

एचडीआर ४००च्या स्टिकरला भुलू नका
एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणं, पण ४००च्या स्टिकरला लोकल डिमिंगची, म्हणजे पडद्याचा गडद भाग तेवढाच मंद करण्याची, सक्तीच नाही. मी एचडीआर बंदच ठेवलंय.

स्टँडबद्दल कुणीच बोलत नाही
आमच्याकडे मॉनिटर एकच, दिवसा माझं अकाउंट्सचं काम आणि संध्याकाळी लेकाचा गेम. त्याने हर्ट्झ बघून पसंत केला, स्टँड मात्र नुसता मागेपुढे कलतो, वर-खाली होत नाही, त्याला चालतं पण माझी मान अवघडते. शेवटी आर्म बसवला, मागे १०० बाय १०० मिलिमीटरवर चार भोकं असतील तर सहज बसतो. दुसरं म्हणजे हा पठ्ठ्या ब्राइटनेस शंभरावर नेऊन ठेवतो आणि सकाळी मी शीट उघडली की डोळे दिपतात. आता दोन प्रीसेट केलेत, एक त्याचा, एक माझा.

धागा काढणाऱ्याकडून
मंडळी, आभार. १४४०पी आयपीएसकडे झुकतोय, पण ओलेडचा मोह सुटत नाहीये. माझ्या पाठीमागे मोठी खिडकी आहे, त्याने काही फरक पडेल का?

खिडकी
पडेल की. ग्लॉसी स्क्रीनमध्ये दिवसभर खिडकीच बघत बसाल, आणि क्यूडी-ओलेडचा (ओलेडचाच एक प्रकार) काळा रंग उजेडात करडा-जांभळट दिसतो. मॅट आयपीएस घ्या. त्याआधी टेबल आडवं फिरवून खिडकी बाजूला येते का बघा, ते फुकटात होतं.