सल्ला हवा: फिनिशियन दर्यावर्दींवर ५० मिनिटांचं सादरीकरण, काय ठेवू आणि काय गाळू?

सागरवेडा
वाचनालयाच्या इतिहास कट्ट्यासाठी फिनिशियनांच्या (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन व्यापारी-दर्यावर्दी) समुद्रप्रवासावर स्लाइड शो करायचाय. श्रोते वाचणारे आहेत, पण भूमध्य समुद्राशी ओळख जेमतेम. कच्चा आराखडा असा: आफ्रिकेची प्रदक्षिणा, कार्थेजच्या हॅनोची आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची मोहीम, ध्रुवताऱ्यावरून दिशा आणि शेवटी बायबलमधला सोन्याचा देश ओफिर म्हणजे आपलं सोपारा. जाणकारांनी सुचवावं. चित्रं कोणती घेऊ तेही सांगा.

मचवा
आराखडा रंगतदार आहे, पण चारही मुद्दे दुसऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींवर उभे आहेत. फिनिशियनांचे पपायरस कुजून गेले. उरले ते कोरीव लेख, आणि त्यांतलेही बरेचसे नवसाचे किंवा थडग्यांवरचे. आपल्यापर्यंत आलेल्या कथा ग्रीक, रोमन आणि हिब्रू लेखकांच्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या, स्पर्धकांच्या नाहीतर शेजाऱ्यांच्या. म्हणून निम्मा वेळ बुडालेल्या जहाजांना द्या. दोनच ठिकाणं घेतलीत तरी पुरे.

पहिलं इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या अश्कलोनजवळचं. १९९७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पाणबुडीला इथे दोन जहाजं दिसली आणि १९९९ मध्ये त्यांची नीट पाहणी झाली. काळ इ.स.पू. ८वं शतक, खोली सुमारे ४०० मीटर. लाकूड बहुतेक खाल्लं गेलंय, पण मद्याचे कुंभ रचलेल्या आकारातच पडून आहेत. वरून दिसतात तेवढेच प्रत्येक जहाजात चारशेच्या आसपास, एकेकात साधारण १८ लिटर. कुंभ आतून राळेनं लिंपलेले, कारण भाजलेली माती पाझरते. हा गणिताचा भाग फळ्यावर करून दाखवा: ४०० × १८ म्हणजे ७,२०० लिटर, आणि हा फक्त वरचा थर. फिनिशियन म्हटलं की लोकांना जांभळा रंग आणि हस्तिदंत आठवतं. इथे सगळा घाऊक माल आहे.

एक सांभाळा. ही जहाजं किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटर आत सापडली, म्हणून ‘ते कायम भर समुद्रातूनच जायचे’ असं ठोकून देऊ नका. वादळानं आत ओढली असण्याची शक्यता राहतेच.

दुसरं स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरचं माझारॉन २. इ.स.पू. ७व्या शतकाच्या आसपासची, जेमतेम आठ मीटरची होडी, आणि पोटात पावणेतीन टनांच्या आसपास शिशाचा माल. हिच्यावरून बांधणी समजावता येते. फळीच्या कडेला खाच पाडायची, तिच्यात कठीण लाकडाचं कुसू (जोड देणारी चपटी पट्टी) बसवायचं, वरची फळी त्यावर ठोकायची आणि कुसू हलू नये म्हणून दोन्ही फळ्यांतून आरपार खुंट्या मारायच्या. कवच आधी उभं राहतं, आतल्या फासळ्या नंतर येतात, आणि इथे त्या एस्पार्तो गवताच्या दोऱ्यांनी बांधलेल्या आहेत. आधी सांगाडा आणि मग फळ्या असं ॲनिमेशन नेटवर मिळेल. ते वापरू नका, क्रम उलटा आहे. ही होडी नोव्हेंबर २०२४ मध्ये जतनासाठी पाण्याबाहेर काढली, तेव्हा ‘अजून समुद्रतळाशी आहे’ असं लिहिलेली जुनी पानं तपासून घ्या.

उत्तररात्र
ध्रुवताऱ्याची स्लाइड आहे तशी चुकीची ठरेल. परांचनामुळे (पृथ्वीचा आस हळूहळू दिशा बदलतो, त्यामुळे) इ.स.पू. ७०० च्या सुमारास आजचा ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून सुमारे १५ अंश दूर होता. ध्रुवताऱ्याच्याच लघुऋक्ष तारकासमूहातला कोचाब हा तारा सुमारे ७ अंशांवर, म्हणजे निम्म्याहून जवळ. ग्रीक लोक लघुऋक्षाला ‘फिनिशियन’ तारकासमूह म्हणत, ते ठेवा. फक्त एका ताऱ्याऐवजी आख्खा समूह दाखवा.

स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत ठिकाण म्हणून टायर हे फिनिशियन शहर द्या (३३.३ उत्तर, ३५.२ पूर्व) आणि वर्षाच्या रकान्यात -६९९ लिहा. त्यात शून्य वर्ष धरलेलं असतं, त्यामुळे -७०० टाकलंत तर इ.स.पू. ७०१ उघडेल. आकाशात फरक दिसणार नाही, पण प्रश्न विचारणारा एक तरी असतोच.

पेठेतला
ओफिर-सोपारा शेवटी ठेवलंत तर लोक तेवढंच घेऊन घरी जातील. ज्याच्या खलाशांनी ओफिरहून सोनं आणलं असं बायबल सांगतं तो टायरचा हिराम राजा इ.स.पू. १०व्या शतकातला, सोपाऱ्याचा ठोस पुरावा अशोकाच्या आज्ञालेखाचा, इ.स.पू. ३ऱ्या शतकातला. मधली सातशे वर्षं निव्वळ नावाच्या साधर्म्यावर कशी ओलांडणार? ओफिर हे खरंच व्यापारातलं नाव होतं याला मात्र आधार आहे: इस्राएलमधल्या तेल कसीले या उत्खननस्थळी मिळालेल्या खापरावर ‘ओफिरचं सोनं’ असं लिहिलेलं आहे, वजनासकट, ३० शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप).

भारताच्या दिशेचा धागा हवाच असेल तर दालचिनी घ्या. इ.स.पू. ११व्या-१०व्या शतकांतल्या २७ छोट्या फिनिशियन कुप्या तपासल्या, त्यांपैकी १० मध्ये दालचिनीचा अंश मिळाला. दक्षिण आशियाकडचा माल तिथवर पोचत होता, एवढंच त्यातून निघतं. त्यांची गलबतं इकडे आली असं नाही.

सागरवेडा
ओफिर दोन मिनिटांवर आणतो. मग आफ्रिका आणि हॅनो दोन्ही काढू?

मचवा
आफ्रिका ठेवा, पण ‘ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो’ असं म्हणून. इजिप्तच्या नेको राजानं पाठवलेले फिनिशियन खलाशी तिसऱ्या वर्षी परतले, वाटेत उतरून पेरणी-कापणी करत. पश्चिमेकडे जाताना सूर्य उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेला होता असं ते म्हणाले आणि हेरोडोटसला ते पटलं नाही. दक्षिण टोकाला वळसा घालताना तो तसाच दिसतो. प्रवास झालाच हे यानं सिद्ध होत नाही, पण घरबसल्या सुचेल असा हा तपशील नाही.

हॅनोला एक स्लाइड, तीही आकड्यांची: ६० जहाजं आणि ३०,००० माणसं, म्हणजे एका ५० वल्ह्यांच्या जहाजात ५०० जण. अन्नपाणी कुठे ठेवणार?

त्यापेक्षा टायर ते गादिर (आजचं कादिझ) हा नकाशा दाखवा. सुमारे २,००० सागरी मैल. ताशी ४ मैलांनी दिवसरात्र चाललं तर २१ दिवस. पण उन्हाळ्यात पूर्व भूमध्यात वारा बहुधा वायव्येकडून, म्हणजे जाताना तोंडावर, आणि चौकोनी शीड वाऱ्याविरुद्ध फारसं चढत नाही. त्यामुळे थांबे लागतात. किनाऱ्यालगतचं बेट किंवा भूशिर अशाच जागा त्यांनी का पकडल्या, हे नकाशावर आपोआप दिसेल: अरवाद, टायर, मोत्या, गादिर.

चित्रांबद्दल: आजच्या इराकमधल्या अश्शूरी राजवाड्यांतली, म्हणजे निनेव्हेचं वल्ह्यांच्या दोन रांगांचं युद्धनौकेचं शिल्प (ब्रिटिश म्युझियम) आणि खोर्साबादचं ओंडके वाहून नेणाऱ्या नौकांचं शिल्प (लूव्र), दोन्ही घ्या. सिडोन या फिनिशियन शहरातल्या शवपेटीवरचं शिडाचं जहाज सगळीकडे ‘फिनिशियन जहाज’ म्हणून फिरतं, ते इ.स. २ऱ्या शतकातलं, रोमन काळातलं आहे.